शुद्धिपत्र

पुण्याहून वही परत आली, रजिस्टरनं.
समासात लाल पेन्सिल:
'दर दोन ओळींनी "खरं" का?
एवढं खरं कवितेला सोसत नाही.'

आमच्या मजगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येतो म्हणला, खरं आला नाही.
पगार झाला, खरं पुरला नाही.
एवढं कळवायला पोस्टकार्ड आणलं,
खरं लिहिलं नाही.

दुसरी टीप नावाबद्दल.
'भरमाण्णा हुंदरे : कानडी वाटतं. टोपणनाव घेता का?'
माझ्या आधीची दोन दगावली
तेव्हा आईनं भरमदेवाला बोलून मागितलेलं नाव.
रेशनकार्डावर ते कानडीत आहे,
लग्नाच्या पत्रिकेवर मराठीत,
फौंड्रीत नुसता टोकन नंबर एकशेचौदा.
टोपणनाव घ्यायचंच तर तो आहे की.

मग भिशी उचलली.
शहापुरात इरण्णाचा प्रेस,
पावतीपुस्तकं, बारशाची कार्डं, निवडणुकीची पत्रकं.
'कविता?' इरण्णा म्हणाला, 'किती कलरमध्ये?'

टायपिंगला मेहजबीन.
घरात दखनी, शाळा कानडी,
मराठी शिकली ती दुकानांच्या पाट्या वाचून.
एक-एक अक्षर उचलून ठेवायची,
गरम कप उचलावा तशी.
तिसऱ्या दिवशी थांबली.
'सर, भट्टीच्या कवितेतला माणूस मेला काय की?'
नाही, म्हटलं, खरं हात गेला त्याचा.
तिनं कीबोर्डवरचे आपले हात उचलले,
बघितले,
परत ठेवले.

वीस वर्षं लिहीत होतो,
मला कुणी काही विचारल्याची
ही पहिली वेळ.

प्रूफं मी चारदा तपासली, सेकंड शिफ्ट संपवून.
मी रेतीत अक्षर वाचणारा माणूस.
साच्यात नंबर उलटे उमटतात,
ते मला सरळ दिसतात.
सरळ छापलेलं दिसलं
की नजर घसरते.

तीनशे प्रती, बेचाळीस किलो.
वजनाचा अंदाज माझा चुकत नाही.
तिसऱ्या गेटला फाटक पडलेलं,
रिक्षात गठ्ठ्यांवर बसून
मालगाडीचे डबे मोजत होतो.
सत्तावीस झाले तेव्हा धीर सुटला,
सुतळी दातानं तोडली.
आधी नाव बघितलं. होतं.
मग वास घेतला. खळीचा, रॉकेलसारखा काहीतरी.
मग पान एकतीस.

मी लिहिलेलं: सकाळी साचा फोडला.
छापलेलं: सकाळी साच फोडला.

एक काना.
कास्टिंगला ब्लोहोल निघाला
तर माल परत भट्टीत जातो, कुणी रडत नाही.
तीनशे पुस्तकांना कुठली भट्टी?
गाडी गेली, फाटक उघडलं, मागनं हॉर्न.
रिक्षावाला म्हणाला, 'काय झालं हो? पैसे कमी दिले?'

रात्री बायकोनं पुस्तक हातात घेतलं,
उलटंपालटं केलं,
किंमत वाचली, साठ रुपये,
'कोण देतंय' म्हणाली
आणि देव्हाऱ्यात नाही, कपाटात ठेवलं,
सोन्याच्या पावतीजवळ.

शुद्धिपत्राची चिठ्ठी मीच केली.
अकरा चुका. 'ळ'च्या जागी 'ल' सहा ठिकाणी,
एका ओळीत माझं गाव 'मजाव' झालेलं.
तीनशे चिठ्ठ्या डिंकानं चिकटवल्या,
बोटं दोन दिवस चिकट, टोकन धरवेना.
पान एकतीस
त्यात घातलं नाही.

सोमवारच्या भजनात म्हातारे ताणून म्हणतात : साच.
साच म्हणजे खरं.
पुण्याचं 'खरं' नव्हे, आमचंही 'खरं' नव्हे,
मधलं काहीतरी.
मेहजबीनला हे ठाऊक असायचं कारण नाही.
काना तिच्या बोटातनं पडला,
की इरण्णाच्या मशीनमधनं,
की माझ्याच वहीत नव्हता,
वही काढून बघता आली असती.
तिलाही विचारणार होतो परवा, प्रत द्यायला गेलो तेव्हा,
विचारणार होतो,
खरं